एका डोळ्याचं पाणी

आईचं तोंड वाकडं झालं त्या दिवशी थोरली लेक तिथे नव्हती. सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं, म्हणून आईने आरशात पाहिलं. भुवई खाली आलेली, डोळा सताड उघडा, गाल लोंबलेला. आईची सगळी नोकरी थिएटरच्या तिकीटखिडकीत गेली होती. तिकिटं संपली हेसुद्धा ती अशी हसून सांगायची की माणसं हसतच परत जायची. तिने शांतपणे नळ बंद केला आणि हाक मारली, "सूनबाई, जरा बघ गं. माझं अर्धं तोंड संपावर गेलंय."

धाकटा, म्हणजे थोरलीचा भाऊ, लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. तो त्या वेळी कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. भावजयीने आपल्या लहानग्या लेकीला, छकुलीला, कडेवर घेतलं, सासूचा हात धरला आणि रिक्षा करून दवाखाना गाठला. तिला वाटलं होतं की हा झटका आहे, आता सगळंच अंग जाणार. डॉक्टर म्हणाले, तसं काही नाही. चेहरा हलवणारा मज्जातंतू कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येतो, तिथे तो सुजून चेपला गेलाय. सूज उतरेल, तंतू पुन्हा वाढेल, पण वेळ लागेल. तोवर मिटत नसलेल्या डोळ्याला जपायचं.

ते जपणं भावजयीच्या वाट्याला आलं. दिवसभर डोळ्यात थेंब घालायचे, झोपताना पापणी खाली ओढून चिकटपट्टी लावायची, गालाला वरच्या दिशेने मालीश करायचं. आई पेला तोंडाला लावायची तेव्हा गळती बाजू बोटाने धरून ठेवायची. भावजय हे सगळं न बोलता करायची. ती मुळातच कमी बोलणारी होती, आणि कामात असली की भांडी जरा जोरात ठेवायची.

थोरली दुसऱ्या शहरात एका संशोधन संस्थेत होती. फोनवर ती रोज चौकशी करायची आणि रोज म्हणायची की आता येतेच. पण तिचं काम अंड्यांशी होतं, आणि अंडी कुणासाठी थांबत नाहीत. कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला बारीकशी खिडकी पाडून आतला गर्भ वाढताना बघायचा, हा तिचा विषय. मज्जापेशी जन्मते एकीकडे आणि तिला काम करायचं असतं भलतीकडेच. पेशीतून एक तंतू निघतो, त्याचं टोक पंज्यासारखं पसरतं आणि चाचपत पुढे जातं. वाटेतल्या काही पेशी त्याला जवळ ओढतात, काही दूर ढकलतात, आणि असं करत करत पंखाचा तंतू पंखालाच पोचतो. थोरलीने मज्जारज्जूचा कोवळा तुकडा कापून जरासा सरकवून पाहिला होता. तंतू वळसा घालून आपल्याच स्नायूपाशी पोचले. तुकडा फार दूर नेला तेव्हा मात्र त्यांना वाट सापडली नाही. तरी ते थांबले नाहीत. समोर जो स्नायू आला त्याला जोडून घेतलं. या कामावर तिचं नाव झालं होतं. पुढच्या आठवड्याचं पुढच्या महिन्यावर जात जात ती घरी आली तेव्हा आईचा चेहरा बऱ्यापैकी जागेवर आलेला होता.

त्या दुपारी सगळे टेबलाशी बसले. आई मजेत होती. थोरली किती वाळली यावरून तिने दोन चिमटे काढले, हसली, आणि हसताना तिचा डावा डोळा किंचित मिटला. थोरलीला ते गोडच वाटलं. मग आईने पहिला घास घेतला, चावायला लागली, आणि डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. थेंबभर नव्हे, धार. हनुवटीपर्यंत आलं तसं आईने पदराने टिपलं आणि जेवत राहिली. थोरलीने विचारलं तेव्हा आई म्हणाली, "काही नाही गं. जेवताना डोळ्याला पाणी येतं हल्ली. कशामुळे, कुणास ठाऊक."

आया असंच म्हणतात, असं थोरलीला वाटलं. इतके महिने आपण आलो नाही, आणि आज लेक समोर बसलेली पाहून तिला भरून आलंय, हे तिच्या मनाने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

तिला माहीत नव्हतं की टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाने असंच काहीतरी ठरवून टाकलेलं होतं. वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांच्या खुर्चीवर आता धाकटा बसायचा. त्याला वाटायचं, आईला समोर ते दिसतात आणि त्यांच्या जागी आपण असतो. भावजयीला वाटायचं, आपल्या हातचं आईंना रुचत नाही, पण त्या चांगल्या घरच्या म्हणून बोलत नाहीत. कुणी कुणाला आपलं ठरवलेलं सांगितलं नाही. सगळे आईलाच समजावत राहिले. रडू नका, मन मोकळं करा, काय सलतंय ते सांगा. आई आधी हसून म्हणायची, अरे मी रडत नाही. पुढे पुढे तिने म्हणणं सोडलं. पाहुण्यांसमोर डोळा वाहिला की तिला ओशाळं व्हायचं. शेवटी ती सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात, दाराआडच्या स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून जेवायला लागली.

थोरली पुढच्या खेपेला आली ती नेमकी अशा वेळी. आल्या आल्या पाणी प्यायला आत गेली, तर दाराआड आई, मांडीवर ताट, आणि गालावरून पाणी वाहतंय. भावजय गॅसपाशी पाठमोरी उभी होती. आई म्हणाली, मला इथेच बरं वाटतं. थोरलीने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. इतके महिने तिच्या आत जे साठलं होतं त्याला वाट मिळाली, आणि ती वाट भावजयीकडे गेली.

"तुझ्या हातचं रडल्याशिवाय तिच्या घशाखाली उतरत नाही," ती म्हणाली. "आणि वर तिला असं कोपऱ्यात बसवतेस. जनाची नाही तर मनाची तरी ठेवायची."

भावजयीने गॅस बंद केला. हात पुसले. तिने एकदा सासूकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात धाकटा उभा होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. तो बोलेल म्हणून ती क्षणभर थांबली. आईच्या तोंडात घास होता. तो गिळून ती म्हणाली, "अगं, मी रडत नाहीये." पण डोळा वाहतच होता, आणि त्या वाहत्या डोळ्यापुढे तिचे शब्द कुणी धरले नाहीत. धाकट्याने मान खाली घातली. भावजय दोघांच्या मधून वाट काढून खोलीत निघून गेली.

भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर कदाचित मिटलंही असतं. धाकट्याने महिन्याभरात कंपनीकडून लांबच्या उपनगरातलं काम मागून घेतलं आणि तिकडेच घर घेतलं. आईंनी आमच्याबरोबर यावं, असं भावजय एकदाच म्हणाली, तेही आईलाच उद्देशून, थोरलीकडे न बघता. आई कुणाकडेच बघत नव्हती. थोरली म्हणाली, मी नेते. घराला कुलूप लागलं.

थोरलीचा फ्लॅट सातव्या मजल्यावर होता, दोन खोल्या आणि दोघींपुरतं टेबल. पहिल्याच संध्याकाळी त्या टेबलाशी आईचा डोळा वाहायला लागला. इथे भावजय नव्हती, तिच्या हातचं नव्हतं, कोपरा नव्हता. थोरलीने जरा थांबून विचार केला असता तर तिचं तिलाच काही कळलं असतं. प्रयोगशाळेत असं घडलं असतं, सगळं बदलून पाहिलं आणि निकाल तोच आला, तर तिने आधीचं अनुमान त्याच दिवशी खोडून टाकलं असतं. पण घरात तिने एक अनुमान काढून दुसरं ठेवलं. तिला वाटलं, आईला छकुलीची आठवण येतेय. आणि आठवण येत होतीच. "छकुलीला फोन लावू का?" ती विचारायची, आणि आई म्हणायची, "लाव." छकुली आधी भरभरून बोलायची, मग शाळेत जायला लागली, मग फोनवर यायला लाजायला लागली. थोरली आईला संकोच नको म्हणून संस्थेच्या कॅन्टीनमध्ये जेवून यायला लागली. आई एकटी जेवायची. अशी तीनेक वर्षं गेली.

मग संस्थेत एका सर्जनबाईंचं व्याख्यान झालं. चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या बाई होत्या. विषय थोरलीच्या कामाला लागूनच होता, म्हणून ती पुढच्या रांगेत बसली. बाई म्हणाल्या, गर्भात या तंतूंना वाट दाखवणाऱ्या खुणा जागोजाग असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. मोठ्या माणसात तंतू तुटला किंवा चिरडला गेला की तो पुन्हा वाढतो खरा, पण त्या खुणा तोवर बऱ्याचशा पुसलेल्या असतात. तो अंदाजाने जातो. ओठाकडे निघालेला एखादा पापणीला पोचतो, म्हणून माणूस हसला की डोळा मिटतो. लाळेच्या ग्रंथीकडे निघालेले काही तंतू अश्रूंच्या ग्रंथीत जाऊन पोचतात. मग तोंडात घास गेला, चव लागली, की लाळेसाठी निघालेला निरोप डोळ्याला मिळतो.

मागे पडद्यावर एक मध्यमवयीन माणूस दिसत होता. त्याने सफरचंदाचा तुकडा तोंडात घातला, चावला, आणि त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. धार. चेहरा अगदी शांत होता, जरासा कंटाळलेला. डावा डोळा कोरडा.

थोरलीने खुर्चीचे हात घट्ट धरले. शेजारचा सहकारी हळूच म्हणाला, बरं वाटत नाहीये का. तिने मान हलवली. आईचा उजवा डोळा तिने कधी पाहिलाच नव्हता. एवढ्या जेवणांत एकदाही तिचं त्याच्याकडे लक्ष गेलं नव्हतं. प्रश्न विचारायच्या वेळी ती उभी राहिली आणि तिने विचारलं की असे पेशंट तुमच्याकडे येतात तेव्हा स्वतः काय सांगतात. सर्जनबाई म्हणाल्या, बरेचसे येतच नाहीत. त्यांना लाज वाटते. आणि घरच्यांना वाटतं, माणूस हळवा झालाय.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवत होती. थोरलीने पर्स खाली ठेवली नाही, चप्पल काढली नाही.

"आई, जेवताना पाणी कुठल्या डोळ्याला येतं?"

"डाव्या," आई मान वर न करता म्हणाली. "नेहमी डाव्याच."

"आणि उजव्या?"

"उजवा शहाणा आहे."

थोरलीने लिंबू कापलं आणि एक फोड आईच्या हातात दिली. आईला वाटलं, लेकीचं काहीतरी बिनसलंय, पण तिने फोड चोखली. डावा डोळा भरला आणि वाहायला लागला. उजवा तसाच. थोरली जमिनीवर तिच्या पायाशी बसली आणि तिने सांगायला सुरुवात केली. कानामागचा बोगदा, चेपलेला तंतू, वाट चुकून डोळ्याशी पोचलेले धागे. तिला हे सांगण्याची इतकी सवय होती की विद्यार्थ्यांना सांगताना वापरायची तेच शब्द आपोआप येत गेले.

आईने लिंबाची फोड बोटांत फिरवली.

"म्हणजे मी रडत नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"मला वाटायला लागलं होतं, की रडतेच असणार. तुम्ही सगळेच म्हणत होतात. मग मी ताटावर बसले की शोधायचे, आज कशाबद्दल. आणि शोधलं की काहीतरी सापडतंच गं." तिने फोड बशीत ठेवली. "हे गेले त्याबद्दल सापडलं. तू येत नव्हतीस, ते सापडलं. सूनबाईबद्दलही सापडलं. भांडी आपटायची ती. पूर्वी मला त्याचं काहीसुद्धा वाटायचं नाही. पण तू तिला बोललीस त्या दिवशी मला वाटलं, की असेल, त्याचंच असेल. म्हणून मी फार काही बोलले नाही."

थोरलीला वाटलं होतं की हे कळल्यावर आई हलकी होईल. आई उठली, आत गेली आणि तिने नळाखाली तोंड धुतलं. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

सर्जनबाईंनी आईला तपासलं. चुकीचं जुळलेलं परत सोडवून नीट जोडता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अश्रूंच्या ग्रंथीत एक इंजेक्शन देता येतं, त्याने काही महिने पाणी थांबतं, मग पुन्हा द्यावं लागतं. आईने ते घेतलं. डोळा कोरडा राहायला लागला.

त्यानंतर थोरली भावजयीकडे गेली. धाकटा कामावर असेल अशी वेळ तिने मुद्दाम निवडली होती. भावजय आता एका पाळणाघरात कामाला होती. दुपारची वेळ होती, मुलं ओळीने झोपली होती. पडदे ओढलेले होते. दोघी बाहेरच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या आणि हळू आवाजात बोलल्या. थोरलीने सगळं सांगितलं आणि माफी मागितली. माफीचे शब्द तिने बसमध्ये मनाशी जुळवले होते, ते ऐनवेळी उलटसुलट आले.

मग भावजय म्हणाली की तिनेही किती प्रयत्न केले होते. मीठ कमी केलं, तिखट बंद केलं, तेल बदललं. शेजारणीकडून वेगळ्या भाज्या शिकून घेतल्या. तरी आई रडायच्याच. शेवटी तिला वाटायला लागलं की आईंना जेवण नाही, मीच नको आहे. डोळ्यात थेंब घालताना त्या मुकाट घालून घेतात, तेही नाइलाजाने. हे सांगताना तिचा आवाज सरळ होता.

"आईंच्या डोळ्याचं पाणी मज्जातंतूमुळे आलं, ते समजलं मला, ताई," ती म्हणाली. "पण तुम्ही जे बोललात ते कशामुळे?"

मला वाटलं होतं की, असं काहीतरी थोरलीने सुरू केलं आणि सोडून दिलं.

"तुम्ही बोललात त्याचंही मी फार धरलं नसतं. तुम्ही दोन दिवसांच्या. पण हे दारात उभे होते. आई तिथे होत्या. एवढं सगळं केल्यावर, ती तशी नाही, असं एक वाक्य कुणालाही सुचलं नाही. मी थांबले होते त्यासाठी."

आत एक मूल जागं होऊन कुरकुरायला लागलं. भावजय उठली. आईंना भेटायला रविवारी येते, असं म्हणाली, आणि आत गेली. थोरली थोडा वेळ तिथेच बसली. आतून थोपटण्याचा आवाज येत होता.

रविवारी ती खरंच आली. धाकटा आला, छकुली आली. छकुली आता आत्याच्या कमरेच्या वर लागत होती आणि आजीच्या शेजारी बसायला बुजत होती. धाकटा आईचे पाय धरायला वाकला तो तसाच खाली बसून राहिला. मी बोलायला हवं होतं, एवढंच तो म्हणाला, आणि ते आईला म्हणाला की बायकोला, हे नीट कळलं नाही. आईने सुनेचा हात हातात घेतला आणि मी तुझ्याबद्दल मनात आणलं गं, असं सांगायला लागली, तेव्हा सून म्हणाली, "राहू द्या, आई." हात तिने काढून घेतला नाही. जेवताना सगळे मान खाली घालून जेवत होते, कारण मान वर केली की नजर आईच्या डोळ्याकडे जायची. शेवटी आईच म्हणाली, "अरे, बोला की काहीतरी. जेवायला बसलात का पेपर लिहायला?"

छकुली तेवढी हसली.

ती दोघं पुन्हा आईबरोबर राहायला आली नाहीत, आणि कुणी तसं सुचवलंही नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी येतात. भावजय येताना फळं आणते, भांडी घासून जाते, थोरलीशी नीट बोलते. स्वयंपाक मात्र तिने त्या घरात कधी केला नाही. एकदा थोरलीने आडून आडून विचारून पाहिलं. ती म्हणाली, तुमच्या ओट्याची उंची मला जमत नाही.

मागच्या थंडीत सर्दीने आईच्या तोंडाला चव राहिली नाही, तेव्हा तिला आजारपणात सून करून द्यायची त्या पातळ सुपाची आठवण झाली. थोरलीने भावजयीला फोन केला. तिने सगळं व्यवस्थित सांगितलं. काय आधी घालायचं, आच कधी कमी करायची, गाळायचं कसं. समजलं नाही तर पुन्हा फोन करा, असंही म्हणाली. करून आणते, असं ती म्हणेल म्हणून थोरली जरा वेळ फोन कानाला लावून थांबली.

मग तिने सूप केलं आणि वाटीत घालून आईपुढे ठेवलं. आईने दोन चमचे घेतले.

"बरं झालंय," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "ती बहुतेक अजून काहीतरी घालायची."